बिनरश्शाचा दोडका

दोडका हा माणसानं खायचा पदार्थच नाही, असं माझं चाळीस वर्षं ठाम मत होतं. तरी मी तो करायचे, आईनं शिकवला तसाच. काळ्या मसाल्याची फोडणी, त्यात फोडी आणि वर तांब्याभर पाणी. नववीतली माझी मुलगी नाक मुरडून ताट सरकवायची. डॉक्टरांनी तिच्या अंगात रक्त कमी आहे, भाज्या खाऊ घाला असं सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरी रोज रात्री जेवताना रणधुमाळी. "आम्ही हेच खाऊन मोठे झालो," असं मी ओरडायचे आणि तीही खात नव्हती आणि मीही नाही.

एकदा तिला हाक मारायला शेजारच्या अक्कांकडे गेले. अक्का तेलुगू, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या भिंतीला त्यांची भिंत. दारातून पाहते तर काय! माझी मुलगी मांडी घालून दोडका खात होती. वर मागून घेत होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय घातलंय काय यात?" मी विचारलं.

"काही नाही ओ. बसा, खाऊन बघा."

खाल्ला. फोड दाताखाली लागत होती. लसूण, हिरवी मिरची, भाजलेले तीळ, एवढंच. दोडका मुळात गोड असतो, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी वेड्यासारखी वाटीकडे बघत राहिले आणि मग ती वाटी संपवली.

दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या ओट्याशी उभ्या राहिल्या. मी सवयीनं तांब्या उचलला, तसा त्यांनी माझा हात धरला. "पाणी कशाला ओ वैनी? त्याचंच सुटतंय की." त्यांनी कढईवर ताटली झाकली आणि पाणी त्या ताटलीत ओतलं.

पाणी कशाला, याचा मी विचारच केला नव्हता. नातेपुत्याजवळच्या आमच्या माहेरच्या घरात खाणारी तोंडं अकरा आणि दोडके दोन-तीन. पाण्याशिवाय भाजी पुरणार कशी? सोलापुरात आम्ही तिघंच, तरी मी अकरा जणांचं पाणी ओतत होते. मला हसूच फुटलं. आता आईलाही हा दोडका खाऊ घालायचा, असं मी ठरवून टाकलं.

गेल्या महिन्यात आई डोळे तपासायला आली. मी मोठ्या ऐटीत दोडका केला. मुलगी जेवली, नवरा जेवला. कितीही सांगितलं तरी आई शेवटीच बसते, तशी माझ्यासोबत बसली. तिनं भाकरी कुस्करली आणि कढईत डोकावून पाहिलं.

"रस्सा न्हाय व्हय गं?"

"न्हाय. भाजी घे की."

"भाजी ऱ्हाऊ दे तुमाला. पर मग मी कशासंगं खाऊ?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, तिला खरंच प्रश्न पडला होता. सगळ्यांच्या ताटांत फोडी गेल्या की तळाला उरलेल्या पाण्यात भाकरी कुस्करून ती आयुष्यभर जेवत आली होती. आणि मी, तिची लेक, तिच्या ताटात एकदाही डोकावले नव्हते.

कढईतली सगळी भाजी मी तिच्या ताटात वाढली.

"अगं, एवढी?" असं म्हणून तिनं आधी माझ्या ताटाकडे पाहिलं, मला उरली का म्हणून.