सूर्याच्या पोटातला स्वल्प फरक

मैत्रिणींनो, आज सूर्याला अर्घ्य देऊन घरात आले, तर लेक कॉम्प्युटरसमोर बसलेली. सूर्याच्या पोटात काय चालतं, याचं ती गणित करते. शोधनिबंध आजच पाठवायचा होता.

"आई, सूर्याचे कांद्यासारखे थर धरून हिशेब करतो. थर जाड धरले की उत्तर दुर्बिणीच्या मोजणीशी जुळतं. पातळ धरले की स्वल्प फरक पडतो."

भाजीवाले अण्णा 'स्वल्पच जून आहे' म्हणाले की मी भेंडी मोडूनच बघते.

"पण जास्त खरं कुठलं?"

"पातळ थरांचं."

"आणि पाठवणार कुठलं?"

"जुळतंय ते," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळ झाली. निबंध गेलेला नाही, आणि लेक माझ्याशी बोलत नाही.

नेमकं जुळलेलं उत्तर बघून तुम्हालाही कधी शंका आलीय का?