त्यांना पचते

शेठने खिशातला रुमाल काढला आणि अण्णांच्या डोळ्यांवर बांधला.

दसरा होता. कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं शेठचं यार्ड. वजनकाट्याची पूजा नुकतीच झाली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या यार्डात माथाडी होते. सळया आणि पत्रे ट्रकमध्ये चढवायचे, उतरवायचे. मी नववीत होते. आई मला सणासाठी गावाहून घेऊन आली होती.

टेबलावर ग्लास मांडले होते. शेठचे पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. शेठ एकेक ग्लास अण्णांच्या नाकाखाली धरत होते.

"ओळख, पैलवान."

अण्णा हुंगायचे. "देशी." मग, "रम." मग जरा थांबून, "ही तुमची, शेठ. घरची."

टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइल काढला. शेठने मला पुढे बोलावलं.

"शाळेत जातेस ना? बघ. ही तुझ्या बापाची डिग्री."

अण्णा रुमालाखालून हसले. ते हसणं मला अजून दिसतं. डोळे नसलेलं हसणं.



यार्डात रोज काम संपलं की खोका यायचा. प्रत्येकाला एक क्वार्टर, शेठकडून. माणसांचे खांदे सुजलेले असायचे. मानेवर लोखंडाचे वण. शेठ म्हणायचे, "दवा आहे रे. अंग मोकळं होतं." सगळे म्हणायचे, शेठचं मन मोठं. मीही तेच मानायचे. शेठने शब्द टाकला म्हणून मला पनवेलच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. निकाल लागला तेव्हा पेढ्यांचा पहिला पुडा मी शेठच्या टेबलावर ठेवला आणि पाया पडले. ते उपकार मी आजही नाकारत नाही.

यंदा अण्णांचे डोळे पिवळे झाले. पाय सुजले. पोट फुगलं. सुई घालून पोटातलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. मग रक्ताची उलटी. वॉर्डातला डॉक्टर माझ्याच वयाचा होता. तो नर्सला म्हणाला, "या लोकांना सांगून उपयोग नसतो."

मी शेजारीच उभी होते. मला विचारायचं होतं, कुणी सांगितलं होतं? कधी?

माझं ऑफिस बेलापूरला आहे. तिथले लोक शुक्रवारी 'बसतात'. अण्णा मात्र दारू प्यायचे. मलाही वाटायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या डॉक्टर बाईंना मी विचारलं, देशी प्यायचे म्हणून झालं का? त्या म्हणाल्या, "नाही गं. भारीतली असती तरी लिव्हरला तेच. किती प्यायले आणि किती वर्षं, ते बघायचं."

अण्णा गेले. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

दहाव्याला आम्ही खाडीकाठच्या घाटावर बसलो. पिंड मांडले. भात, वडे, अण्णांची तंबाखूची पुडी. कावळा शिवेना. कठड्यावर बसायचा, बघायचा, उडून जायचा. तात्या, माझे मोठे चुलते, गावाहून आले होते. ते म्हणाले, "तेचा जीव अडकलाय कशात तरी."

तेवढ्यात शेठ आले. हातात लांबट खोका. यार्डातली माणसं उठून उभी राहिली. आईने पदर पुढे ओढला. शेठने खोक्यातून बाटली काढली आणि पिंडाशेजारी ठेवली.

"परदेशी आहे. पैलवानने अशी कधी चाखली नसेल. त्याची इच्छा राहायला नको."

तात्यांनी हात जोडले. "लई मोठं मन तुमचं, शेठ."

"अरे, कसलं मोठं मन. घरात पडूनच होती. मला पिणं सोडून दोन वर्षं झाली. सोनोग्राफी केली तर लिव्हर फॅटी. डॉक्टर म्हणाला, आजपासून बंद. केली बंद."

लोकांनी कौतुकाने माना हलवल्या.

मी तिथेच अडकले. दोन वर्षं. ती दोन्ही वर्षं यार्डात रोज खोका येत होता.

"आणि यार्डातली?" मी विचारलं.

"काय?"

"यार्डातला खोका का नाही बंद केला?"

शेठ रागावले नाहीत. हसले. घरच्या माणसाशी बोलावं तसा आवाज खाली आणला.

"अगं, डॉक्टरचं ते आपल्यासारख्यांना. तुझ्या-माझ्यासारख्यांना, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांना. ही अंगमेहनतीची माणसं. त्यांना पचते."

तुझ्या-माझ्यासारख्यांना. शेठने मला आपल्या बाजूला घेतलं होतं. अण्णा पलीकडे होते. भाताचा गोळा होऊन.

"पचली नाही, शेठ."

मी बाटली उचलली आणि त्यांच्या हातात दिली. "ही घेऊन जा."

"तुझ्या बापाने मला कधी नाही म्हटलं नाही."

"हो. मी म्हणतेय."

तात्या ओरडले, "अगं ए, शिकलीस म्हंजी येडी झालीस का? कावळा कसा शिवंल आता?"

 बाटली ठेवली होती ती जागा आईने हाताने पुसली.

शेठ गेले. ऊन चढलं. कावळा शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक बोलले, पोरीने बापाला अतृप्त पाठवलं.

पाठवलं असेल.

घाटावर यार्डातले एक काका माझ्याजवळ बसले होते. अण्णांबरोबर ओझी उचललेले. त्यांचे डोळे मी जवळून पाहिले. पिवळे आहेत.

उद्या ऑफिस सुटलं की मी यार्डात जाणार आहे. खोका येतो त्याच वेळेला. शेठ काट्याजवळच्या खुर्चीत बसलेले असतील. शेठच्या डॉक्टरने शेठला जे सांगितलं ते मी तिथल्या प्रत्येकाला सांगणार आहे. शेठच्या समोर. ज्याला यायचं असेल त्याला दवाखान्यात घेऊन जाणार आहे. पहिल्या दिवशी कुणी येणार नाही. हसतील. कॉलेजातला प्रवेश कुणी मिळवून दिला, ते शेठ काढतील.

परवाही जाणार.