पान एकेचाळीस

भूत, भविष्य, मुहूर्त… आमच्या घरात यातलं काहीच चालायचं नाही. वडील नाशिक रोडला सरकारी छापखान्यात, पक्के बौद्ध. कुणी 'नशिबात असेल तसं होईल' म्हटलं की भडकायचे — "असं म्हणणाऱ्यांनीच आपल्याला गावाबाहेर ठेवलं!" त्यांची मुलगी असून मी हे सांगतेय, त्यामुळे जरा अवघडल्यासारखं होतंय.

साल १९८१. मी कॉलेजात मराठी शिकवत होते आणि एम.फिल.साठी प्रबंधिका लिहीत होते. विषय — एका विज्ञानकथालेखकाचं तत्त्वज्ञान. त्यांचं नाव देत नाही, घरी मुलं-नातवंडं आहेत. आपण अण्णा म्हणू. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले, देवळाली कॅम्पात राहायचे. तोवर मी त्यांना कधी भेटले नव्हते, फक्त वाचलं होतं.

अण्णांच्या कथांत यंत्रं बदलायची, ग्रह बदलायचे, माणूस मात्र तोच — ज्याला पुढे काय होणार हे आधीच कळलंय. एका कथेतल्या खगोलशास्त्रज्ञाला स्वतःच्या मरणाचा दिवस कळतो आणि त्या दिवशी तो शांतपणे दाढी करून खुर्चीत बसतो. समीक्षक म्हणायचे, केवढी ही तटस्थता! मला संताप यायचा. मी लिहिलं — ही तटस्थता नव्हे, हा विज्ञानाचा कोट घातलेला दैववाद आहे.

अडतीस पानं झाली होती. हस्तलिखित, फाईल माझ्या कपाटात. गाइडनासुद्धा अजून दाखवली नव्हती.

एका मंगळवारी घरी आले तर टेबलावर अंतर्देशीय पत्र. शिक्का देवळालीचा, खाली अण्णांची सही. 'पान १२ वर तुम्ही माझ्या कथेचं साल चुकीचं दिलं आहे. पान २९ वरचा मुद्दा मान्य. पान ४१ वर माझ्या नावाआधी कै. लिहिलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच पानावर मला दैववादी म्हणता, त्याचा फेरविचार करावा.'

फाईल काढली. पान बारा — साल खरंच चुकलं होतं. आणि पान एकेचाळीस… ते तर मी लिहिलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी बसनं कॅम्पात गेले. तोफखान्याचा सराव चालू होता, दूरवर धडधड ऐकू येत होती. दार स्वतः अण्णांनीच उघडलं. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये.

मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते डाव्या हातात धरून दोनदा वाचलं. मग हाक मारली, "अगं, हे बघ जरा."

काकू पदराला हात पुसत आल्या. "अक्षर तुमचंच की! पण कसं शक्य आहे? बाई, तीन आठवडे झाले यांना पडून. पेन्शनच्या कागदावर सही करता आली नाही."

चहा आला, निवला. मग अण्णा म्हणाले, "माझी माणसं सगळं कळूनही हातपाय हलवत नाहीत, हीच तुमची तक्रार ना?"

"हो."

"मग तुम्ही हलवा. ते पान लिहू नका."

ते हसले आणि डाव्या हातानं पत्र मला परत दिलं.

मी नाही लिहिलं. चाळिसाव्या पानावर थांबले. गाइड चिडले, मुदत संपली, रजिस्ट्रेशन गेलं. वडिलांना खरं कारण कधीच सांगितलं नाही. त्यांना ते पटलंही नसतं, आणि मला त्यांच्यासमोर मान वर करता आली नसती. अण्णांचं प्लास्टर निघालं. ते हिंडू-फिरू लागले, आणखी दोन पुस्तकं लिहिली. मी महिन्यातून एकदा जायचे. काकू एकदा हसत म्हणाल्या, "रोज सकाळी उठले की म्हणतात — आजही बाईंनी लिहिलेलं दिसत नाही."

अठ्ठ्याऐंशीत त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. शेवटी शेवटी पाणीही गिळता येईना. मी भेटायला गेले तेव्हा काकू बाहेर औषध आणायला गेल्या होत्या. अण्णांनी मला जवळ बोलावलं. आवाज असा नव्हताच, नुसता श्वास.

"बाई… आता लिहा."

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मी सांगतोय ना. हे मी ठरवलंय."

दोन दिवस कशातच लक्ष लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फाईल काढली, कोरा कागद घेतला, वर ४१ आकडा घातला आणि अण्णांच्या नावाआधी ते 'कै.' लिहिलं. पुढे एक शब्द सुचला नाही. तसाच कागद ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा निरोप आला. दुपारी गेले होते.

डॉक्टरांनी तसेही चार-आठ दिवसच सांगितले होते, हे मला माहीत आहे. योगायोग म्हणा, मीही अनेकदा तेच म्हणते. पण ते पत्र अजून माझ्याकडे आहे, शाई फिकी झालीये, अक्षर अण्णांचंच आहे, आणि ते कुणी लिहिलं याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. त्यांना दैववादी म्हणावं का, याचंही नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. माझे दोन्ही हात धरून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही लिहिलं नाहीत ना?"

"नाही हो काकू," मी म्हणाले.

त्या गेल्या तोवर मी तेच सांगत राहिले.