मोरीच्या पाण्यावरचं खोकड

आमची सोसायटी बीडच्या बाहेर, चौसाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. पुढे सिमेंटचा रस्ता, मागे कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे नुसतं माळरान. माझ्या सासऱ्यांनीच ओळखीचे शिक्षक आणि कारकून गोळा करून ही सहकारी संस्था उभी केली आणि बरीच वर्षं तेच तिचे चेअरमन होते. मी त्यांना मामा म्हणायची. त्या दुष्काळी उन्हाळ्यात ते मोरीत पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि मागच्या खोलीत खिडकीशी पलंगाला खिळले. चेअरमनकी मात्र अंगातून गेली नाही. टँकर आला का, ड्रमला कुलूप लावलं का, भाजी धुतलेलं पाणी कुठं टाकलं, सगळ्याचा जाब मला द्यावा लागे. मी पार वैतागून जायची.

एका सकाळी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "पोरी, मागं डबक्यावर खोकड आलतं. पाणी पिऊन गेलं."

आमच्या मोरीचं पाणी मागच्या अंगणात उघड्यावर यायचं आणि पपईच्या बुडाशी त्याचं डबकं व्हायचं. पण खोकड? इथं, शेजाऱ्यांचे कूलर घरघरत असताना?

"कुत्रं असंल, मामा."

"मला कुत्रं कळंना व्हय आता?" ते चिडले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यात भर पडली. "पिलं पितेत त्याच्या अंगावर. लई तहान लागत असंल त्याला."

मला धडकी भरली. डॉक्टरांनी बजावलं होतं, या वयात माणूस असा अंथरुणाला लागला की कधीकधी भास व्हायला लागतात, लक्ष ठेवा. नवऱ्याने ते फारच मनावर घेतलं होतं. स्वयंपाकघरात येऊन तो म्हणाला, "हे असंच वाढलं तर आपल्याला झेपायचं न्हाई. पुण्याला दादाकडं ठेवू त्यांना." त्याला वाटलं तो हळू बोलतोय. दुपारी मामांनी मला जवळ बोलावलं. "मला इथून हलवू नका," एवढंच म्हणाले. तो आवाज चेअरमनचा नव्हता. मला ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच मी त्यांच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसले. भिंतीच्या बुडाशी पावसाचं पाणी जायला ठेवलेलं भोक होतं. त्यातून आधी दोन मोठे कान आत आले, मग निमुळतं तोंड. कोल्ह्याहून लहान, राखाडी अंग, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. पोटाखाली सड ओघळलेले. ते लपलप पाणी प्यायलं, एकदा खिडकीकडे बघून आल्या वाटेने गेलं. मी मामांचा हात घट्ट धरला. खोकडाचं मला अप्रूप होतंच, पण मामा शहाणे आहेत याचा आनंद त्याहून मोठा होता. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू बघितलंस ना? मग झालं." पुण्याचा विषय थांबला.

मग मीही रोज बघायला लागले. मुंगूस यायचं, तित्तरं यायची, एकदा ओल्या मातीत घोरपडीच्या शेपटीची रेघ दिसली. इतकी वर्षं मी त्याच अंगणात कपडे वाळत घालून माळाकडे पाठ करून घरात येत होते.

आणि मग नवा चेअरमन मिस्त्रीला घेऊन आला. सोसायटीचं बोअर आटलं होतं. प्रत्येक घराचं सांडपाणी शोषखड्ड्यात सोडून जमिनीत जिरवायचं होतं. "ठराव तुमच्याच काळातला हाय, साहेब," तो मामांना म्हणाला. "आता तुमचं एकच घर राहिलंय."

मामांनी खिडकीतून डबक्याकडे पाहिलं. मला राहवलं नाही. "पाऊस पडंपर्यंत राहू द्या की," मी म्हटलं.

"ठराव म्हंजी ठराव," मामा म्हणाले. "सगळ्यांच्या पाण्याचा सवाल हाय. खांदा."

खड्डा खणला, दगडगोट्यांनी भरला, वर सिमेंटचं झाकण आलं. डबकं गेलं. मी ड्रममधलं चांगलं पाणी परातीत काढून भिंतीशी ठेवलं, तर सोसायटीतल्या कुत्र्यांनी ते संपवलं आणि तिथंच ठाण मांडलं. खोकड काही फिरकलं नाही. त्या आटलेल्या माळावर पिलांना घेऊन ते कुठं गेलं असेल, या विचाराने मला घास गोड लागत नव्हता. मामा तर बोलायचेच बंद झाले. टँकरचीही चौकशी करीनात.

एका सकाळी मी त्यांच्या उशाशी बसून बाहेरच बघत होते. कोरडं झाकण आणि त्यावर अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं एक कुत्रं.

"आलं बघ," मामा एकदम म्हणाले. "पिलं बी संगं हायत आज."

कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता. दारात नवरा उभा होता, अर्ध्या गालाला साबणाचा फेस. त्याने मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरंच आलंय?"

"हो," मी म्हटलं. "मी पण बघितलं."