कृष्णा पश्चिमेला नेणारा नकाशा

“कृष्णामाई उलटी वाहायला लागली म्हणायची, दाजी,” मामा गल्ल्यावरून बोलल्याचं मला ऐकू आलं, आणि बाबांनी खिशातून तांबडं पेन काढलं.

सांगलीत मामाचं हळदीचं दुकान आहे. तिथल्या लक्ष्मीच्या तसबिरीची काच फुटली म्हणून त्यानं ती उघडली, तर मागे पुठ्ठ्याऐवजी घडी घातलेला जाड कागद निघाला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, जुन्या काळचा जगाचा नकाशा. इंग्लिश शाळेत शिकलेली भाची तो वाचेल म्हणून त्यानं आम्हाला साताऱ्याहून बोलावून घेतलं.

मला वाचता आलं नाही. अक्षरं ओळखीची होती, भाषा लॅटिन असावी.

“बारा वर्षं इंग्लिश शाळा, आन् ह्ये येत न्हाई व्हय?” मामा हसला. मीही हसल्यासारखं केलं आणि मान खाली घालून बघत राहिले. माझं मराठी पुस्तकी आहे असं नात्यातले सगळे म्हणतात, म्हणून मी बोलते कमी.

बघण्यासारखं खूप होतं. चारी कोपऱ्यांत गाल फुगवून वारा फुंकणारे चेहरे. कॅलिफोर्निया म्हणजे समुद्रातलं सुटं बेट. तळाला कुणीच न पाहिलेला एक अवाढव्य खंड, त्यावर डोंगरसुद्धा काढलेले. आपला देश अंग चोरून बसल्यासारखा. सह्याद्री मात्र किनाऱ्याला धरून जवळपास बरोबर होता, आणि त्यातून निघालेली कृष्णा थेट पश्चिमेच्या समुद्रात शिरत होती.

बाबा निवृत्त सुभेदार. फौजेत एका नकाशात नाला भलतीकडे दाखवला होता, त्यापायी त्यांची तुकडी दिवसभर बर्फात भटकली होती. तेव्हापासून चुकीचा नकाशा दिसला की ते तो तांबड्यानं दुरुस्त करतात. माझ्या शाळेच्या ॲटलासवरही त्यांच्या रेघा आहेत.

“राहू द्या की, लय जुनं हाय,” मामा म्हणाला.

“जुनं असलं म्हणून काय झालं? उद्या कुणी बघितलं तर म्हणंल, सांगलीकरांना आपली नदी कुठं जाती त्ये ठावं न्हाई.”

मामाला हे एकदम पटलं. “मग निळ्यानं तरी काढा, नदी हाय ती,” म्हणत त्यानं पट्टी शोधून दिली.

हा नकाशा कोरणारा घाट चढून कधी आलाच नसणार. खलाशांनी सांगितलं तेवढंच त्याला ठाऊक. जहाजातून नद्यांची फक्त मुखं दिसतात, म्हणून डोंगरात उगम पावणारी प्रत्येक नदी त्यानं जवळच्या पश्चिम समुद्राकडेच आणली. चूक होती, पण विचार करून केलेली. ती झाकली तर त्याला कुठवर दिसत होतं हे पुढे कुणालाच कळणार नव्हतं. सगळं माझ्या डोक्यात नीट होतं, इंग्रजीत. मराठीत पहिला शब्द सापडेना.

पेनचं टोक उगमावर, महाबळेश्वरच्या जागी टेकणार, तेवढ्यात मी त्या नदीवर तळहात ठेवला. माझ्या करंगळीवर तांबडी रेघ उमटली.

“हात काढ,” बाबा म्हणाले.

मी काढला नाही. असं मी त्यांच्यासमोर कधीच केलं नव्हतं.

“का पण?”

तो नकाशा आज मामाच्या दुकानात काचेखाली आहे, आणि त्यावर तांबडी किंवा निळी एकही रेघ नाही. गिऱ्हाइकं नदीवर बोट ठेवून हसतात. मग मामा त्यांना मी त्या दिवशी काय म्हणाले ते जसंच्या तसं, माझ्या पुस्तकी मराठीत ऐकवतो.

“चूक नकाशा कोरणाऱ्याची आहे, बाबा. ती त्याचीच राहू द्या. तुम्ही नदी वळवलीत तर हा नकाशा त्याचा उरणार नाही. बरोबर नकाशा मी वेगळ्या कागदावर काढते, शेजारी लावू. पेन खाली ठेवा.”