शकूचा डावा हात

“मुलगी गेल्यावर काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला. सुताच्या गाठी त्या स्वतःच मारत आणि ‘शकू मारते’ असे सांगत. काका दिवसभर मिलमध्ये असत. त्यांना ते खरे वाटले.”

गेल्या महिन्यात याच सदरात माझा पुतण्या वसंत याने हे लिहिले आहे. ज्या दिवसांविषयी तो एवढ्या खात्रीने लिहितो, त्या दिवसांत तो अकरा वर्षांचा होता आणि गावी, वळसंगला विटीदांडू खेळत होता. सोलापुरात आमच्या घरी घडलेले त्याने पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. तेही माझ्या धाकट्या भावाकडून, म्हणजे त्याच्या वडिलांकडून, ज्यांचा माझ्यावर राग होता. त्या रागाचे कारणही पुढे येईलच.

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. मी मिलच्या विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम होतो. दीडशे मागांच्या खडखडाटात तीस वर्षे उभा राहिलेला माणूस आवाजांना आणि सावल्यांना घाबरत नाही. पण माझी पत्नी सुशीला आता हयात नाही आणि तिला छापील अक्षरांत वेडी ठरवले गेले आहे. म्हणून हा खुलासा.

साल १९७४. मिलच्या मागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. मी, सुशीला, नऊ वर्षांची शकू आणि चार वर्षांचा दिलीप. शेजारी नरसय्या, हातमागावर साड्या विणणारा तेलुगू माणूस. त्याच्या सुताच्या कांड्या सुशीला रहाटावर भरून देई. सूत तुटले की दोन टोके गाठ मारून जोडायची, एवढेच ते काम. सुशीला साधी घरगुती गाठ मारी. तिचा गुठळा होई आणि मागाच्या फणीत अडके. पण ती कधी सुटली नाही. मिलमध्ये आम्ही मारतो ती गाठ बारीक, फणीतून अलगद जाणारी. ती सुशीलाला अखेरपर्यंत जमली नाही. घरात ती दोघांनाच येत होती — मला आणि शकूला.

शकू डावखुरी होती. जगातले सगळे माग उजव्या माणसासाठी केलेले आहेत. डावखुऱ्याला जन्मभर धक्के खावे लागतात, असे माझे मत होते. म्हणून जेवताना तिने डावा हात मांडीखाली दाबून बसायचे, हा माझा नियम. पानावर बसताना मी फक्त “शकू” म्हणायचो, की हात मांडीखाली जाई. गाठीचेही तेच. माझ्यासमोर ती उजव्या हाताने मारी. ती सैल पडे, सुटे. माझी पाठ वळली की डाव्या हाताने मारी. ती पक्की असे. डाव्या गाठीत फास उलट बाजूला पडतो. जाणत्याला नुसत्या बोटाने कळते.

“अहो, लहान आहे ती. खाऊ द्या की हव्या त्या हाताने,” सुशीला म्हणे.

“उद्या सासरचे हसतील, तेव्हा तू जाशील उत्तर द्यायला?” मी म्हणे.

त्या वर्षी शकूला विषमज्वर झाला. नवव्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितले आणि डावा हात पुढे केला. मी भांडे मागे घेतले आणि म्हणालो, “उजवा.” रागाने नव्हे… सवयीने. तिने हात बदलला, पाणी प्यायली. संध्याकाळी ती गेली.

हे मी वसंतच्या वडिलांना कधी सांगितले नाही. आज लिहितो आहे.

महिनाभराने नरसय्याने पुन्हा सूत दिले. रिकामी बसलेली सुशीला त्याला पाहवेना. आठवड्यात तो कांडी घेऊन दारात उभा.

“वहिनी, ह्या गाठी सुटायलेत की. तुमची ती जाडी गाठच बरी होती. नवीन काय शिकलात?”

“मी नाही मारल्या,” सुशीला शांतपणे म्हणाली. “सूत तुटलं की मी तसंच ठेवून नळावर जाते. येते तोवर जोडलेलं असतं.”

नरसय्याने माझ्याकडे पाहिले. मी कांडी हातात घेतली. मिलची गाठ होती. उजव्या हाताची, सैल.

“कोण जोडतं?” मी विचारले.

“कोण म्हणजे? तुम्ही सांगितलेल्या हातानं जोडते ती अजून.”

हे वाक्य चाळभर झाले आणि वळसंगपर्यंत पोचले. धाकटा भाऊ आला, चहाला न शिवता बसला.

“दादा, वैनीचं डोस्कं ठिकाणावर न्हाय. दिलीपला मी घिऊन जातो. असल्या आईजवळ पोरगं सुखरूप ऱ्हाईल का?”

सुशीला आतून म्हणाली, “भावजी, एक गेली. दुसरं तुम्ही नेता?”

“तसं न्हाय, वैनी. आमी काय परकं हाय का?”

मी काय केले? मी भावाला म्हणालो, “रविवारी ये. कपडे बांधून ठेवतो.” वसंतने हे लिहिलेले नाही, जरी ते त्याच्या वडिलांच्या बाजूचे असले तरी. मी लिहितो, कारण ते खरे आहे. त्या रात्री सुशीला जेवली नाही.

त्या रविवारच्या आधी माझी सुट्टी आली. मी ठरवले, सोक्षमोक्ष लावायचा. सुशीला आणि दिलीपला नवी पेठेत तिच्या बहिणीकडे सकाळीच पाठवले. रहाटावर कांडी लावली, स्वतःच्या हाताने सूत तीन ठिकाणी तोडले, सहाही टोके मोकळी सोडली. खिडकी आतून लावली. बाहेरून कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली आणि पायरीवर बसलो. दुपारचे तीन वाजले असतील. चाळीची माणसे एकतर पाळीवर, नाहीतर झोपलेली. ऊन असे होते, की कुत्रीसुद्धा नाल्याच्या सावलीत गेली होती.

तासभर काही नाही. रहाटाचा आवाज नाही, पावलांचा नाही. मला स्वतःचीच लाज वाटू लागली… मिलचा जॉबर, बायकोची परीक्षा घेत उंबऱ्यावर बसलेला. आणि मग ते भांडे आठवले. मी मागे घेतलेले.

दाराला तोंड लावून मी हळूच म्हणालो, “शकू, बाळा, डाव्या हातानं मार. डावा चालतो.”

पायरीवर कुणी नव्हते. बोललो ते मला स्वतःलाही जेमतेम ऐकू आले. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, तेव्हा मी कुलूप काढले.

आत काय पाहिले ते शेवटी सांगतो. त्यानंतर काय झाले ते आधी. रविवारी भाऊ आला. मी त्याला दारातूनच परत पाठवले. “दिलीप कुठंही जाणार नाही. त्याच्या आईला काही झालेलं नाही.” त्याने कारण विचारले, मी दिले नाही. त्याला तो अपमान वाटला आणि मरेपर्यंत त्याने आमच्याकडे पाऊल टाकले नाही. त्या अपमानातून ‘काकू वेडी’ ही कथा मोठी झाली. दिलीप आईजवळच वाढला. आमच्या घरात तुटलेले सूत पुन्हा कधी आपोआप जुळले नाही. सुशीला पुढे बरीच वर्षे तुटके टोक ठेवून नळावर जाई आणि आल्यावर स्वतःची जाड गाठ मारी. मी पाहत असे.

वसंत म्हणेल, काकूकडे दुसरी किल्ली असेल. नव्हती, आणि ती दिवे लागल्यावर मेहुणीबरोबर परतली. म्हणेल, काकांनी झोपेत मारल्या. मी झोपलो नव्हतो. म्हणेल, याचा उलगडा काय? उलगडा माझ्याकडे नाही. इतक्या वर्षांत सापडला नाही, आता सापडेल असेही वाटत नाही. पण त्याने एवढे ध्यानात घ्यावे. शकू गेल्यापासून त्या दुपारपर्यंत आमच्या घरात अशी सापडलेली प्रत्येक गाठ उजव्या हाताची होती. दाराशी मी काय बोललो ते सुशीलालाही मी कधी सांगितले नाही. आणि कुलूप काढून मी कांडी उचलली, सुतावरून बोट फिरवले, तेव्हा तिन्ही गाठी पक्क्या होत्या, आणि तिन्ही डाव्या हाताच्या होत्या.