पेनिसिलिनचा रकाना

शेजारच्या टेबलाशी वैशाली स्क्रीनवरची नोंद पुन्हा पुन्हा बघत होती. दवाखान्याच्या नोंदींसाठी आम्ही एक एआय मदतनीस तयार करतो आहोत. चाचणी म्हणून तिने त्याला एका रुग्णाचा फोन नंबर बदलायला सांगितलं होतं. नंबर बदलला. बाकीचे सगळे रकाने मात्र कोरे झाले. ‘पेनिसिलिन चालत नाही’ हेही पुसलं गेलं.

चूक मदतनिसाची नव्हती. नोंद लिहायला तो जे टूल, म्हणजे छोटा प्रोग्राम, वापरतो, त्याच्या आम्ही लिहून दिलेल्या वर्णनात एवढंच होतं: ‘रुग्णाची नोंद बदलण्यासाठी.’ ते टूल पूर्ण नोंद नव्याने लिहितं, म्हणून जो रकाना पाठवला नाही तो पुसला जाईल, हे आम्हा सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की कुणी लिहिलंच नव्हतं.

माणसांशी आपण निम्मंच बोलतो. “भाजीत मीठ घाल” म्हटलं की स्वयंपाकघरातून आवाज येतो, “किती गं?” त्या विचारण्याच्या भरवशावर आपलं बोलणं आयुष्यभर निभावून जातं. इथे समोरचा विचारत नाही. तो आपल्या शब्दावर सरळ विश्वास ठेवतो. त्या विश्वासाचं मला एकदम ओझं वाटलं.

वैशालीने नवं वर्णन लिहिलं: ‘आधी पूर्ण नोंद वाचावी. जो रकाना पाठवला जाणार नाही, तो कायमचा कोरा होईल.’ मग तेच तिने हळू आवाजात स्वतःला वाचून दाखवलं.

“चाचणीतलाच रुग्ण ना, खोटा?” मी विचारलं.

“नाव खोटं आहे,” ती म्हणाली. “बाकी सगळं माझ्या आईचं.”